छप्पर दोनदा उडालं, आता स्लॅब टाकावा का?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. आंजर्ले-केळशी पट्ट्यात आईबाबांचं जुनं चिऱ्याचं कौलारू घर आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२० च्या ३ जूनला, निसर्ग वादळात पुढच्या पाखीची (छपराच्या उताराची) कौलं आणि बरेचसे वासे गेले. पाऊस डोक्यावर होता, म्हणून मिळेल तो पत्रा मिळेल त्या दराने आणून ठोकून घेतला. यंदा, २०२१ च्या १६ मेला, तौक्ते वादळ शेजारून गेलं आणि तो पत्राही उडून दुसऱ्याच्या वाडीत पडला. आता ठेकेदार म्हणतो, सगळं पाडा आणि स्लॅबचं बांधा. धाकटा भाऊ म्हणतो, पुन्हा पत्रा टाकू. तुमचं मन म्हणतं, पुरे झालं, आईबाबांना कायमचं डोंबिवलीला आणावं. आणि पावसाला जेमतेम पंधरा दिवस उरलेत.

मी दापोली-मंडणगड भागात घरांच्या बांधकामाची आणि दुरुस्तीची कामं करतो, शिक्षणाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. २००९ च्या फयान वादळानंतर, निसर्गनंतर आणि आता तौक्तेनंतर असेच प्रश्न घेऊन माणसं येतात. तुम्हाला आधी एवढंच सांगतो की या तिघांपैकी कुणाचंही म्हणणं या पंधरा दिवसांत अमलात आणू नका. तिन्ही पर्यायांत काही ना काही तथ्य आहे. पण पावसाच्या तोंडावर, घाबरलेल्या मनाने आणि चढ्या भावात घेतलेला घराचा निर्णय पुढे फार महाग पडतो. तुमच्याकडे निसर्गनंतर नेमकं तेच झालं.

खरं तर तुमच्यापुढे एकात एक गुंतलेले तीन प्रश्न आहेत. पाऊस सुरू व्हायच्या आत घर कसं झाकायचं, हा पहिला, आणि त्याला मुदत आठ-दहा दिवसांची. घर ठेवायचं, अर्धं बदलायचं की नवीन बांधायचं, हा दुसरा. तो दिवाळीच्या सुमाराला घ्यायचा, कारण भिंतींची खरी अवस्था पावसाळा सरल्यावरच कळते आणि गवंडी-सुतारही तेव्हाच मोकळे असतात. आईबाबांनी कुठे राहायचं, हा तिसरा. तो ना ठेकेदाराचा, ना भावाचा, ना तुमचा एकटीचा. तिन्ही एकाच फोनवर, एकाच दमात सोडवायला गेलं की घरात भांडण होतं आणि शेवटी जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं.

माझ्या उत्तरातला बराच भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगतो. भिंतीत चुना आहे की नुसती माती, जोतं किती उंच आहे, घर भरतीच्या रेषेपासून किती लांब आहे, घर कुणाच्या नावावर आहे, आणि बाबांचं शिडीवर चढण्याचं वय सरलंय का, यातल्या एकेका गोष्टीने सल्ला बदलतो. घर न पाहता शंभर टक्के खात्रीने कुणी काही सांगत असेल तर त्याच्यापासून जपून राहा.

आधी छप्पर दोनदा का गेलं ते बघू, कारण त्यातच पुढचं निम्मं उत्तर आहे.

निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर थेट चढलं होतं, ताशी शंभराच्या वर वेगाने. तौक्तेचा मध्य मात्र आपल्या किनाऱ्याला लागलाच नाही. ते समुद्रातून उत्तरेला सरकत १७ मेच्या रात्री गुजरातेत जमिनीवर आलं. म्हणजे तुमच्या घराला यंदा बसलेला वारा गेल्या वर्षीपेक्षा बराच कमी होता. तरीही छप्पर गेलं. वारा कमी आणि नुकसान तेवढंच, तेव्हा दोष वाऱ्याच्या जोरापेक्षा छप्पर बसवण्याच्या पद्धतीत शोधायला हवा.

वारा छप्पर ढकलून पाडतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो ते वर ओढतो. वारा पाखीवरून वेगाने सरकला की वरच्या अंगाला ओढ तयार होते, आणि त्याच वेळी समोरची एखादी खिडकी किंवा दार फुटलं तर आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब ढोबळमानाने दर चौरस मीटरला ७० किलो धरा. वेग निम्मा झाला की दाब निम्मा होत नाही, चौथाई होतो. आणि वेग दुप्पट झाला की चौपट. वळचण, आढ्याची टोकं आणि कोपरे इथे तर ही ओढ मधल्या भागापेक्षा पुष्कळ जास्त असते. आता वजन बघा. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास, शिवाय खाली वासे आणि रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या) यांचं लाकूड. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन जेमतेम ५ किलो. जुनं कौलारू छप्पर बहुतांशी स्वतःच्या वजनावर बसलेलं असतं. त्यात कौलांच्या फटींतून वारा थोडाफार निसटतोही, त्यामुळे आतला दाब तेवढा साचत नाही. म्हणून वादळात कौलं आधी कडेची आणि कोपऱ्यांची जातात, मधली बरीचशी टिकतात.

तुमच्याकडे काय झालं असेल ते तुम्ही पाठवलेल्या एका फोटोवरून दिसतं. खाली पडलेल्या पत्र्याला अजून रीप चिकटलेली आहे, आणि रिपेच्या दुसऱ्या बाजूने दोन-दोन इंचांचे खिळे सरळच्या सरळ बाहेर आलेत. म्हणजे पत्रा रिपेपासून सुटला नाही, रीप वाशापासून उपटली. कौलांचं ओझं सांभाळायला ज्या रिपा ठोकल्या होत्या, त्यांना खाली दाबणारं वजन पेलायची सवय. वर ओढणारा जोर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. कौलांऐवजी त्याच रिपांवर पत्रा ठोकल्याने छपराचं वजन गेलं आणि त्या बदल्यात धरून ठेवणारं काही आलं नाही.

त्यामुळे कौल, पत्रा की स्लॅब हा वाद मला दुय्यम वाटतो. छपरापासून जोत्यापर्यंत एकेक जोड तपासत खाली या. पत्रा किंवा कौल रिपेला कशाने बांधलंय, रीप वाशाला कशाने, वासा भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला कशाने, आणि ते लाकूड भिंतीला कशाने. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्या जुन्या घरांत जवळजवळ नेहमी एकच असतं: कशानेच नाही, नुसतं टेकलेलं आहे. तुम्ही उद्या कितीही भारी पत्रा आणलात तरी हा शेवटचा जोड तसाच राहिला तर पुढच्या वादळात पत्रा, लोखंड, वासे सगळं एकत्र उचललं जाईल.

आता या पंधरा दिवसांतलं काम.

पंचनामा झाला नसेल तर तो होईपर्यंत आवराआवर करू नका, आणि करावीच लागली तर आधी फोटो काढा. घराच्या चारही बाजू, प्रत्येक खोलीचं आतून वर पाहत, मोडलेले वासे, भिजलेलं सामान, आणि जमलं तर बाबांना शेजारी उभं करून एक. तलाठी आणि ग्रामसेवक येतील तेव्हा ‘अंशतः’ आणि ‘पूर्णतः’ यातलं काय लिहितात ते वाचूनच सही करा, कारण मदतीची रक्कम त्या एका शब्दावर ठरते. निसर्गच्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला केंद्राच्या निकषाने ९५,१०० रुपये बसत होते, राज्याने ते वाढवून दीड लाख केले. अंशतः नुकसानीला याहून पुष्कळच कमी मिळतात. घराचा विमा असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडकं सामान टाकू नका. नसेल तर पुढच्या वर्षासाठी लक्षात ठेवा, यंदाच्या, म्हणजे २०२१ च्या, १ एप्रिलपासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते आणि तीत चक्रीवादळ धरलेलं आहे. जुन्या मातीच्या भिंतींच्या घराला ती कोणत्या अटींवर मिळते ते मात्र आधी विचारून घ्या.

वीज परत आली की लगेच मेन स्विच वर करू नका. भिजलेली वायरिंग वायरमनकडून तपासून घ्या, भिजलेल्या भागाची लाईन वेगळी तोडून ठेवा. विहिरीत पालापाचोळा आणि मोडक्या छपराचा कचरा गेला असेल तर उपसून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय ते पाणी पिण्यासाठी वापरू नका. आणि कुणालाही, विशेषतः बाबांना आणि भावाला, ओल्या छपरावर चढू देऊ नका. वादळात वाचलेली माणसं वादळानंतर छपरावरून पडून जायबंदी होतात, हे मी या कामात फार जवळून पाहिलंय. मागच्या पडवीवर सिमेंटचे पत्रे आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते वरून धड दिसले तरी पाय ठेवला की फुटतात. आडवी फळी टाकल्याशिवाय त्यावर जायचं नाही. जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, म्हणून फुटके तुकडे पाणी मारून ओले करूनच उचला आणि तोंडाला चांगला मास्क बांधा.

झाकण्याचं काम करताना संपूर्ण घर झाकायच्या मागे लागू नका. दोन गोष्टी वाचवायच्या आहेत: राहण्यापुरती जागा आणि भिंतींचे माथे. दुसरी गोष्ट लोक विसरतात. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत बाजूने पावसाचा सपकारा बराच सोसते, पण तिच्या डोक्यात वरून पाणी शिरलं की आतली माती धुपून खाली उतरते. बाहेरून भिंत धड दिसते, आतून पोकळ होते, आणि श्रावणात एखाद्या रात्री पोट काढून कोसळते. निसर्गनंतर आमच्या भागात काही घरं वादळात न पडता त्यानंतरच्या पावसात पडली, ती अशीच. तेव्हा जिथे छप्पर नाही तिथे प्रत्येक भिंतीच्या माथ्यावर जाड प्लास्टिक दोन्ही बाजूंना हात-हातभर खाली येईल असं टाका, वरून पोफळीच्या फाळी किंवा कौलांचा थर ठेवून दाबा. चिऱ्याच्या तुकड्यांनी नुसतं दाबलं तर पहिल्याच वाऱ्यात प्लास्टिक फडफडायला लागतं, म्हणून सुतळीने आरपार बांधून घ्या.

राहण्यासाठी माजघर आणि त्याला लागून असलेलं स्वयंपाकघर निवडा. तिथली मधली पाखी शाबूत आहे असं दिसतंय. पुढच्या अंगाची जी कौलं फुटली नाहीत ती गोळा करून माजघरावरची गेलेली कौलं आधी भरा. पडवी आणि ओटी यंदा ताडपत्रीखाली राहिली तरी चालेल. ताडपत्री सपाट टाकू नका, तिला चांगला उतार द्या आणि कडा वाशाला गुंडाळून बांधा, नाहीतर मध्ये पाण्याचा फुगा धरून फाटते. पत्रा आत्ता विकत घेऊ नका. गेल्या वर्षी पत्र्याचे भाव कुठे गेले होते ते तुम्ही अनुभवलंय, आणि करोनाच्या सध्याच्या निर्बंधांत दुकानं मोजक्याच वेळ उघडी असताना तर निवड करायलाही वाव नाही. पाऊस संपल्यावर तोच माल निवांतपणे, जाडी मोजून घेता येतो. उडालेला पत्रा शेजारच्या वाडीतून उचलून आणा. वाकलेला असला तरी लाकडं झाकायला उपयोगी पडेल.

हे एवढं झालं की दुसऱ्या प्रश्नाची तयारी पावसातच सुरू करता येते, कारण भिंत काय आहे ते पाऊसच दाखवतो. दर पंधरा दिवसांनी बाबांना किंवा भावाला चार गोष्टी बघायला सांगा. ओळंबा लावून भिंतीने कुठे पोट धरलंय का. कोपऱ्यात, जिथे दोन भिंती मिळतात, तिथे उभी चीर आहे का आणि ती वाढतेय का. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून तारीख घातली की अंदाजाने बोलावं लागत नाही. जोत्यापासून ओल किती वर चढते. आणि गिलावा फुगलेल्या ठिकाणी बोटांनी टकटक केल्यावर आवाज भरीव येतो की पोकळ. एका जागी गिलाव्याचा वीतभर तुकडा काढून सांध्यात चुना आहे की माती तेही बघून ठेवा. चुन्याचा सांधा खिळ्याने खरवडला तर पांढरी भुकटी पडते आणि खिळा अडतो. मातीच्या सांध्यात तो सरळ आत जातो.

दिवाळीला भिंती सरळ, कोपरे शाबूत आणि ओल जोत्याच्या आसपासच थांबलेली असेल, तर घर पाडायचं काही कारण नाही. वरचे दोन थर चिरे उतरवून त्या जागी सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी सिमेंट काँक्रीटची पट्टी ओता, आत सळई. पट्टी ओततानाच तीत ठरलेल्या अंतरावर बोल्ट उभे सोडा आणि वासे किंवा लोखंडी कैच्या (छपराच्या त्रिकोणी चौकटी) त्या बोल्टांना आवळा. नुसत्या टेकलेल्या लाकडाची जागा ही पट्टी घेईल. तिच्यामुळे चारही भिंती एकमेकींना बांधल्या जातात आणि भूकंपातही तिचा फायदा होतो. मातीच्या सांध्यांच्या भिंतीत मात्र नुसती वरची पट्टी पुरत नाही. वर ओढणारा जोर खाली जोत्यापर्यंत पोचवायला कोपऱ्यांत उभ्या सळया किंवा बाहेरून पट्ट्या द्याव्या लागतात. ते कुठे आणि किती, हे जागेवर पाहूनच ठरेल.

एखादीच भिंत बसली असेल, आणि पुढच्या अंगाची बसेल अशी मला शंका आहे, तर ती एकच भिंत उतरवून त्याच चिऱ्यांनी, पण सिमेंट-वाळूत, पुन्हा बांधा. तीन भिंती गेल्या असतील तर मात्र दुरुस्तीचा हट्ट सोडा. तेव्हा नवीन बांधणंच स्वस्त पडतं.

छपराला मी कौलांची बाजू घेईन, पण हट्टाने नाही. गावात कौलं शाकारणारी माणसं कमी होत चाललीत, माकडांचा उपद्रव वाढलाय, आणि सत्तरीच्या बाबांना दर वर्षी आगोटीआधी (पावसाळ्याआधी) शाकारणी झेपणार नाही, हे पत्र्याच्या बाजूचे खरे मुद्दे आहेत. पत्रा घ्यायचा तर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ नको, आणि तो खिळ्यांवर नको. लोखंडी पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या दांडीला) जे-बोल्ट किंवा रबरी वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, आणि कडेच्या व कोपऱ्यांच्या भागात ते मधल्यापेक्षा दुप्पट दाट. मधेही अंदाजाने मारू नयेत. फॅब्रिकेटरला विचारा की वाऱ्याचा वेग किती धरलाय. आपल्या देशाच्या मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, मुंबईसाठी आधारभूत वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. मी दापोलीच्या किनाऱ्यावरच्या घरांना तोच धरतो. फॅब्रिकेटरकडे याचं उत्तर नसेल तर आराखडा इंजिनिअरकडून करून घ्या. त्याची फी एका पाखीच्या पत्र्यांच्या किमतीपेक्षा कमी असते.

कौलं ठेवायची असतील तर कडेच्या दोन-तीन ओळी तारेने रिपांना बांधा, आढं आणि कोन चांगल्या मसाल्यात बसवा. दोनपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यात चांगलं टिकतं. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपराचाच लांबवलेला भाग असेल तर ते तोडून वेगळं करा. पडवी तीन बाजूंनी उघडी असल्यामुळे वारा तिच्या पोटात शिरतो. ती जोडलेली असली की जाताना मुख्य पाखीलाही घेऊन जाते. तुमच्या पुढच्या अंगाला पहिल्या वेळी हेच झालेलं दिसतंय.

आता स्लॅब. ठेकेदाराला मी खोटं म्हणत नाही. व्यवस्थित बांधलेला स्लॅब वादळात उडत नाही. पण हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळजवळ ३० टन वजन. तुमचं आत्ताचं कौलारू छप्पर लाकडासकट त्याच्या पाव हिश्श्यातच येतं. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर ते ३० टन ठेवायचं म्हणजे जिवाशी खेळ आहे. म्हणून स्लॅब हवा तर पाया, खांब, तुळया सगळंच नवीन आलं. म्हणजे नवीन घर. ते २०२१ च्या दराने आमच्या भागात पंधरा-वीस लाखांच्या खाली होत नाही. समुद्राजवळ त्याचं एक वेगळं दुखणं असतं: खाऱ्या हवेने आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे काढते. सळईवर काँक्रीटचं पुरेसं आवरण, गोडी वाळू आणि नीट पाणी मारणं यांत कसूर झाली तर पंधरा वर्षांत छताच्या सळया उघड्या पडलेल्या दिसतात. आणि आपल्या पावसात सपाट स्लॅब गळायला लागतो, मग लोक त्यावर पत्र्याचं छप्पर करतात. गावातून एक फेरी मारलीत तर स्लॅबवर पत्रा चढवलेली घरं तुम्हाला सगळीकडे दिसतील.

मी तुमच्या जागी असतो तर स्लॅबचा आग्रह एका खोलीपुरता मान्य केला असता. जुन्या घराला लागून पण त्याच्यावर जराही न टेकलेली, स्वतःच्या पायावर आणि चार खांबांवर उभी, दहा बाय बाराची एक आरसीसी खोली आणि तिला जोडून संडास-न्हाणी. वादळाचा इशारा आला की आईबाबांनी औषधं, कागदपत्रं, पाणी, मोबाईल घेऊन त्या खोलीत जायचं, दार लावायचं. बाकीच्या घराचं काय व्हायचं ते होवो. रात्री न्हाणीसाठी अंगणात जावं लागणार नाही, हा रोजचा फायदा वेगळाच. ज्यांनी निसर्गनंतर अशी खोली केली, त्यांची १६ मेची रात्र धास्तीत गेली नाही.

पाडापाडी करायच्या आधी कागद. घरपत्रकाचा उतारा काढा आणि त्यावर नावं कुणाची आहेत ते बघा. आजोबांचंच नाव असेल किंवा काका-आत्यांची नावं सामाईक असतील, तर दुरुस्तीला कुणी हरकत घेणार नाही, पण पाडून नवीन बांधायला घेतलंत की सगळे हिस्सेदार जागे होतात. त्यांची लेखी संमती आधी घ्या. दुसरं, घर भरतीच्या रेषेपासून दोनशे मीटरच्या आत आहे का? असेल आणि गाव सीआरझेड-३ मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या ग्रामीण गटात, मोडत असेल, तर २०११ च्या नियमांप्रमाणे तिथे नवीन बांधकाम होत नाही. असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. घर पाडून टाकलंत आणि ते किती होतं याचा कागद हातात नसला तर पुढे ते सिद्ध करणं जड जातं. म्हणून जुन्या घराचा मापांसकट नकाशा, क्षेत्रफळ असलेला उतारा आणि पाडण्याआधीचे फोटो, तिन्ही हातात असल्याशिवाय एक चिराही हलवू नका. मी वर सुचवलेली खोलीसुद्धा अशा जागी जुन्या जोत्याच्या आतच बसवावी लागेल, तेही परवानगी घेऊन.

थोडक्यात, जूनच्या आधी पंचनामा, भिंतींचे माथे आणि माजघर. पावसाळ्यात भिंतींवर लक्ष आणि कागदपत्रं. दिवाळीनंतर काँक्रीटची पट्टी, छप्पर आणि पैसे असतील तर ती एक खोली.

राहिला आईबाबांचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की आई रडते आणि बाबा काहीच बोलत नाहीत. वाडीतल्या पोफळी गेल्यात, नारळ अर्धे मोडलेत. नवीन लावलेली पोफळ उत्पन्नावर यायला सहा-सात वर्षं लागतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. या अवस्थेत त्यांना ‘कायमचं या’ म्हणणं म्हणजे घराबरोबर त्यांचं कामही गेलं असं सांगणं. त्यांना कायमचं विचारू नका, या पावसापुरतं विचारा. आणि डोंबिवलीच्या आधी जवळची सोय बघा. शेजारच्या पक्क्या घरातली खोली, नाहीतर दापोलीत चार महिन्यांसाठी भाड्याची जागा, म्हणजे उघडीप पडली की बाबांना घरी फेरी मारता येईल. मे २०२१ संपत आला तरी करोनाची लाट अजून पुरती ओसरलेली नाही आणि दोघांचा लशीचा दुसरा डोस राहिलाय, तेव्हा आत्ता एसटीने किंवा गाडी करून मुंबईच्या गर्दीत आणणं मला तसंही पटत नाही.

घर पूर्ण बंद करून सगळे निघून गेले तर काय होतं तेही सांगतो. चूल पेटत नाही, केर निघत नाही, गळती कुणाला दिसत नाही, आणि गणपतीला दार उघडावं तर वाळवी तुळईपर्यंत पोचलेली असते. माणसाचा वावर असलेलं मोडकं घर एक पावसाळा काढतं. बंद घराला ते जड जातं. तेव्हा आईबाबा येणारच असतील तर गावातल्या कुणाला तरी पैसे देऊन आठवड्यातून दोनदा दार उघडायला, केर काढायला आणि धूर करायला सांगा.

आणि हे सगळं बाबांशी तुम्ही एकटीने बोला, भाऊ आणि ठेकेदार समोर नसताना. त्यांना दोनच गोष्टी विचारा: पुढच्या पाच वर्षांत गावात कोण राहणार आहे, आणि वाडी कोण करणार आहे. याची उत्तरं ‘आम्ही दोघं, जमेल तोवर’ अशी आली तर पंधरा-वीस लाखांच्या स्लॅबचा विषय तिथेच संपतो. दुरुस्ती आणि ती एक खोली पुरे. भावाला गावी परत येऊन पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या असतील, तर हिशोब वेगळा होतो आणि मग त्याचा खर्चही त्याने उचलायला हवा.

एक काम मात्र आजच सांगा. परसातला फणस पडलाय असं तुम्ही लिहिलंय. तो जळणासाठी विकू नका. परवानगीचं काय ते तलाठ्याला विचारा आणि खोड कापून फळ्या-वासे पाडून घ्या. मधे पट्ट्या देऊन गोठ्यात, जमिनीपासून वीतभर उंच थर लावा आणि त्या उडालेल्या पत्र्याने झाका. सावलीत हवा खेळती राहिली तर दिवाळीनंतर दारं-खिडक्यांना आणि काही वाशांना घरचं लाकूड मिळेल, तेवढाच खर्च वाचेल. बाकी पुढच्या भिंतीचा आतून-बाहेरून काढलेला फोटो आणि खिळा खरवडून सांध्यात काय निघालं ते कळवा, मग त्या भिंतीबद्दल नक्की सांगतो.